लिलीचं घरचं नाव

सस्काटून,
१८ नोव्हेंबर २०१८, रविवार

प्रिय सिस्टरमावशी,

इथे ऑक्टोबर संपायच्या आतच बर्फ पडलं आणि आता ते एप्रिलपर्यंत हलणार नाही. ऍलननं काल गाडीला विंटर टायर्स चढवून घेतले. आज चर्चमधून, मिस्सेहून आल्यावर तो ड्राईव्हवे शोव्हल करतोय, आपली आन्ना छोटं फावडं घेऊन त्याच्या मागेमागे फिरतेय आणि त्यानं साफ केलेल्या जागेवर पुन्हा बर्फ टाकतेय, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तुला लिहितेय. मराठीत इतकं सलग लिहून किती वर्षं झाली! जोडाक्षरं चुकली तर कान धरू नकोस. तुझे डोळे आता अक्षरं धरत नाहीत असं आल्फ्रेडदादा म्हणाला, म्हणजे हे पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवणार. ज्या कुणी सिस्टर वाचत असतील त्यांना माझा नमस्कार. सिस्टर, जरा सावकाश वाचा. मावशीचा मध्येच डोळा लागला तर लागू द्या, उरलेलं उद्या वाचा.

जानेवारीत तुझ्या व्रतांचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा आम्हाला येता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं. ऍलनची पॉटाशच्या खाणीतली नोकरी नवीन होती, रजा मागायची सोय नव्हती. दादानं व्हिडिओ पाठवला. तुला खुर्चीत बसवून शाल घातली होती आणि तुझ्या बोर्डिंगच्या जुन्या मुली एकेक करून तुझ्यापाशी येत होत्या. आता कसल्या मुली, केस पांढरे झालेल्या बायका. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, एक तर तलाठी. त्यातल्या एकीनं माईकवर सांगितलं, सिस्टर नसत्या तर मी वीटभट्टीवर मेले असते. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. ती म्हणाली ते खरं आहे, मावशी. पुढे मी जे काही लिहीन ते ऐकताना हे खरं आहे एवढं मनाशी धरून ठेव. मीही धरून ठेवलंय.

मला तुला एल्सीबद्दल सांगायचंय. फोनवर सांगायचा प्रयत्न मी करून पाहिला होता, पण तुला ऐकू येत नव्हतं आणि तू सारखी विचारत होतीस, तिकडे थंडी आहे ना, अंगभर कपडे घालतेस ना.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या चर्चच्या पॅरिशनं एक बस काढली. शहराच्या उत्तरेला, दीडेक तासावर, इथल्या मूळ लोकांच्या मुलांसाठी काढलेली एक जुनी शाळा होती, ती जागा बघायला. तुला याची कल्पना नसेल. या देशात शंभरावर वर्षं सरकारनं आणि निरनिराळ्या चर्चनी मिळून अशा शाळा चालवल्या, आपल्या चर्चनंही. कायदाच होता तसा. घरातून, तंबूतून मुलं उचलून न्यायची, आईबापांनी नाही म्हटलं तर पोलीस यायचे. मुलांनी स्वतःची भाषा बोलली की मार. कितीतरी मुलं परत घरी गेलीच नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका आयोगाचा मोठा अहवाल आला, तेव्हापासून इथे शाळांत, चर्चमध्ये, रेडिओवर याबद्दल बोललं जातं. आमच्या फादरनी सांगितलं की वाचून भागणार नाही, जाऊन ऐकायला हवं, आणि जी बाई तिथे फिरवते ती त्याच शाळेत वाढलेली आहे. मी सँडविच करायच्या कमिटीत होते, म्हणून गेले.

मला वाटलं होतं एखादी इमारत असेल, काचेच्या कपाटात जुने फोटो असतील. तिथे काहीच नव्हतं. शाळा कधीचीच पाडलेली. गुडघाभर गवत, पलीकडे पॉप्लरची झाडं, मागच्या टेकाडात खणलेलं बटाटे साठवायचं तळघर, आणि मधोमध सिमेंटच्या चार पायऱ्या, ज्या चढून कुठेच जाता येत नाही. त्या पायऱ्यांवर एल्सी उभी होती. क्री जमातीची, सत्तरीतली, ठेंगणी, डोक्यावर पुरुषी टोपी, हातात बर्फावर घसरताना धरायची एक जुनी काठी, तोंडात पेपरमिंट. तिनं आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाली, “हे दार. एकेकानं आत या. आईबापांनी इथेच थांबायचं.” आणि मावशी, आमची आख्खी बस, त्यात ऐंशी वर्षांचे शेतकरीसुद्धा, रांग लावून त्या नसलेल्या दारातून आत गेली. बाजूच्या गवतातून कुणीही गेलं नाही. “डावीकडे मुलगे, उजवीकडे मुली,” ती म्हणाली. ऍलन डावीकडे गेला, मी आन्नाचा हात धरून उजवीकडे. एल्सीचा धाकटा भाऊ असाच डावीकडे गेला होता. त्यानंतर तो तिला फक्त जेवणाच्या हॉलमध्ये लांबून दिसायचा, आणि हात हलवला तर दोघांनाही शिक्षा व्हायची. एके हिवाळ्यात तो दिसायचा बंद झाला. कुणी काही सांगितलं नाही.

आमच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी आदरानं विचारलं की सिस्टर्सचा हेतू तरी चांगला असेल ना. एल्सी थांबली. मग काठीनं गवत दाखवून म्हणाली, “इथे पायरी आहे, सांभाळा.” ते गृहस्थ पाय उचलून पुढे गेले.

पुढे तिनं एक जागा दाखवली आणि सांगितलं, ही खुर्ची, इथे केस कापायचे आणि डोक्याला रॉकेल लावायचे. तिनं ‘केरोसीन’ म्हटलं आणि माझ्या नाकात थेट तुझ्या बोर्डिंगचा व्हरांडा आला. शनिवारची दुपार, ओळीनं बसलेल्या मुली, रॉकेलची वाटी, बारीक दातांची फणी, आणि त्यांची डोकी मांडीवर घेऊन मारियामातेची गाणी म्हणणारी तू. मी आन्नाला घेऊन बसपाशी जाऊन उभी राहिले. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. उवा झाल्या की रॉकेल आई पण लावायची, सगळ्यांच्याच आया लावायच्या.

शेवटी पलंगांच्या खोलीत, म्हणजे गवतातच, एल्सी आपलं खरं नाव सांगते. एल्सी हे शाळेनं ठेवलेलं. तिची आजी तिला ज्या नावानं हाक मारायची ते ती प्रत्येक वेळी एकदाच उच्चारते आणि सांगते, हे ऐकायचं, म्हणायचं नाही, ते माझं आहे. म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर कसं कोण जाणे, मी तिची ड्रायव्हर झाले. तिचा पुतण्या ऍलनबरोबर खाणीत आहे. तिला मोतीबिंदू झाला, लायसन्स गेलं, पुतण्याच्या शिफ्ट्स, आणि टूर्स शनिवारी. मी म्हटलं, मी सोडेन. गेला उन्हाळा आणि हा उन्हाळा, बर्फ नसेल तेव्हा जवळजवळ दर शनिवारी मी तिला नेलं. ती मोठी मजेदार बाई आहे. कॉफीत इतकी साखर घालते की चमचा उभा राहावा. हळू चालवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देते. बिंगो हरली की फोन करून मलाच रागावते, जणू आकडे मी काढले. तिचं ऐकून मला सगळी टूर पाठ झाली, कुठे दार, कुठे जिना, कुठे गप्प राहायचं. पण पाठ झालं तरी प्रत्येक वेळी केसांच्या खुर्चीपाशी आल्यावर मी मागे राहायचे.

एकदा गाडीत तिनं सहज विचारलं, तू चर्चची एवढी कामं करतेस, घरात कुणी आहे का चर्चमध्ये. मी म्हटलं, माझी मावशी सिस्टर आहे, तिचं बोर्डिंग होतं. कुणाच्या मुलांचं, तिनं विचारलं. मी म्हटलं, डोंगरातल्या मुलींचं, वारली म्हणतात त्यांना, आमच्याकडचे मूळ लोक. तिनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “चांगली आहे का ती?” मी म्हटलं, “खूप.” ती म्हणाली, “आमच्यातही एक चांगली होती. खिशात बेदाणे ठेवायची, आम्हाला चोरून द्यायची. माझे केस कापले तेव्हा तिनं माझे हात धरले होते, घट्ट, आणि रडू नको म्हणत होती. कात्री कुणाच्या हातात होती ते मी विसरले. हिचा चेहरा विसरता येत नाही.”

मला राग आला, मावशी. मी गाडी चालवताचालवता तिच्याशी भांडले. म्हटलं, आमच्याकडे असं नव्हतं. आमच्याकडे पोलीस यायचे नाहीत. आया स्वतः मुलींना घेऊन डोंगर उतरून यायच्या, कारण घरी खायला नसायचं. मावशीनं कुणाला मारलं नाही, कुणाचा बाप्तिस्मा केला नाही. स्वतः उपाशी राहिली पण मुलींना भात दिला. मी बोलत होते आणि एल्सी मान हलवत होती. “बरोबर,” ती म्हणाली, “वेगळं आहे.” आणि पेपरमिंट फोडून तोंडात टाकली. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिनं कबूल केल्यावर माझ्या हातात काही उरलंच नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला इथे शाळांतली मुलं त्या मुलांच्या आठवणीसाठी नारिंगी शर्ट घालतात. आन्ना गेल्या वर्षी तशी शाळेत गेली आणि परत आल्यावर दप्तर न काढताच मला विचारलं, “मम्मा, वॉज सिस्टरमावशी वन ऑफ देम?” मी म्हटलं, नाही ग बाळा, तसल्या सिस्टर्सपैकी अजिबात नाही. तिनं बूट काढले, जागेवर ठेवले, आणि म्हणाली, “हाऊ डू यू नो?” आठ वर्षांची आहे. तिला भांडायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, कारण मी तिथे होते. हे मी बोलून गेले आणि मग सगळी संध्याकाळ मला काही सुधरेना.

कारण मी होते ना तिथे. आई आजारी पडली त्या वर्षी तू मला घेऊन गेलीस, डहाणूच्या पुढे, डोंगराखाली. मी तुझ्या खोलीत झोपायचे, मुली हॉलमध्ये चटईवर. आणि माझी तिथली मैत्रीण लिली. तुला आठवते लिली? माझ्याहून थोडी मोठी, काटकी, ओढ्यात हात घालून खेकडा बाहेर काढायची आणि माझ्या फ्रॉकवर सोडायची. तुझ्या मुलींत बुधी कितीतरी, सोमी कितीतरी, हजेरीला गोंधळ व्हायचा, म्हणून तू त्यांना फुलांची नावं दिली होतीस. लिली, डेझी, रोझी, जाई. मला ती कल्पना तेव्हा फार आवडली होती. बागेत राहिल्यासारखं वाटायचं. जेवताना शुद्ध बोलायचं असा तुझा नियम होता, म्हणजे पुढे शाळेत कुणी हसणार नाही. चुकून कुणी आपल्या बोलीत काही मागितलं की तू नुसती थांबायचीस, वाढायचा डाव हातात धरून, हसतमुखानं, ती शुद्ध बोलेपर्यंत. मारलं कधीच नाहीस.

लिली पळून जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा वॉचमननं तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून परत आणलं. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा तू तिचे केस कापलेस. उवा झाल्यात म्हणालीस. झाल्याही असतील. ती पुष्कळ दिवस डोक्याला फडकं बांधून होती. दिवाळीनंतर तिला ताप भरला. तिचे आईबाप तोवर भट्ट्यांवर गेले होते, भिवंडीच्या बाजूला, कुठल्या भट्टीवर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तू माणसं पाठवलीस. तिला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेलीस, ट्रक थांबवून दवाखान्यात नेलंस, त्यांनी गोळ्या देऊन परत पाठवलं. मग तू तिच्याजवळून हलली नाहीस. ताप पसरू नये म्हणून मुलींना तिकडे येऊ द्यायची नाहीस, पण आपली खोली शेजारीच होती आणि मधल्या खिडकीतून मला दिसायचं. ती सारखी काहीतरी मागत होती, तिच्या बोलीत, एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा. तू म्हणायचीस, हो बाळा, देते. पाणी दिलंस, तिनं ढकललं. पेज दिलीस. तुझी शाल दिलीस. जपमाळसुद्धा हातात दिलीस. त्यातलं काही नव्हतं. शेवटी तू मोठ्या मुलींतल्या एकीला दाराशी बोलावून विचारलंस, ही काय म्हणतेय ग? ती मान खाली घालून म्हणाली, “नाही कळत, सिस्टर.” मावशी, तिला कळत होतं. मी लहान असूनही ते मला कळलं होतं. ती बोर्डिंगमधली सगळ्यात शहाणी मुलगी होती, तू सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायचीस, आणि शहाणी मुलगी म्हणजे जिला ती बोली येत नाही. ती तुझ्या परीक्षेत नापास व्हायला तयार नव्हती. तू तिच्याकडे पाहत राहिलीस. मला वाटतं तुलाही त्या क्षणी कळलं. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

लिली काय मागत होती ते कुणालाच कळलं नाही आणि ती गेली. कंपाउंडमागे जांभळाखाली तिला पुरलं. कुणीतरी क्रॉस लावायला निघालं तेव्हा तू त्यांना अडवलंस, म्हणालीस ती आपल्यातली नाही, तिच्या माणसांना काय लावायचं ते लावू दे. होळीला तिचे आईबाप आले. तिच्या आईनं आरडाओरडा केला नाही. जांभळाखाली बसली, मातीवरून हात फिरवला, आणि एक हाक मारली. घरी ज्या नावानं मारायची त्या नावानं. फारसं मोठ्यानं नाही, ओढ्यावरून पोर परत बोलवावी तशी. तू तिच्या मागे उभी होतीस आणि मी तुझा झगा धरून. ती दोघं काहीही न लावता निघून गेली. त्या हाकेचा सूर मला अजून आठवतो, शेवटी वर जाणारा. शब्द आठवत नाही. मी किती प्रयत्न केला म्हणून सांगू. भांडी घासताना, गाडी चालवताना, मिस्सेत. सूर येतो आणि शब्दाच्या जागी लिली येते.

हे मी एल्सीला या उन्हाळ्यात सांगितलं. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, “तिचं नाव काय?” मी म्हटलं, लिली. ती म्हणाली, “नाही.” सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्या पॉप्लरच्या झाडांपाशी लोक जमतात, जिथे मुलं पुरलेली आहेत असं म्हातारी माणसं सांगतात, खुणा काहीच नाहीत. गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकानं घरी परत न गेलेल्या एका मुलाचं नाव घ्यायचं. एल्सी मला म्हणाली, तू तुझं आण. मी गेले. वारा बोचरा होता, नावं एकामागून एक येत होती, एल्सीनं तिच्या भावाचं घेतलं, शाळेचं नव्हे, घरचं. मग माझी पाळी. ओठावर लिली आलं होतं. एल्सी माझ्याकडे बघत होती. मला तोंड उघडता आलं नाही, मावशी. सगळे थांबले, वाट पाहिली, आणि मग शेजारच्या माणसानं त्याचं नाव घेतलं आणि गोल पुढे सरकला. परत येताना एल्सीनं विचारलं, “तुझी मावशी आहे ना अजून?” मी म्हटलं, आहे. “मग विचार.” मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. या वयात तुला काय म्हणून हे उकरायला लावायचं? आणि विचारणार तरी कसं, की सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा, आणि ते जांभळाखालचं नाव सांग?

ऑक्टोबरमध्ये एल्सीची शेवटची टूर झाली. तिची फुप्फुसं त्या शाळेतच खराब झालेली, लहानपणी क्षय झाला होता, आता नाकात ऑक्सिजनची नळी आणि चाकांवरचं नळकांडं. ते गवतात चालेना. हायस्कूलची मुलं आली होती. एल्सी माझ्या गाडीत बसून होती, काच खाली करून. मी म्हटलं, मला सगळं पाठ आहे, मी फिरवून आणते त्यांना, तू इथूनच बघ. तिला श्वास पुरत नव्हता तरी ती केवढ्यानं ओरडली. “तू नको! तू इथे नव्हतीस.” मग बराच वेळ धापा टाकत होती. मग हळूच म्हणाली, “तू तिकडे होतीस ना? तिकडचं सांग.” मुलं आली तशी बसमध्ये बसून गेली. आता ती घरीच असते, मी शनिवारी तिच्याकडे सूप घेऊन जाते. तिच्यामागे तिथे कोण चालणार, ठाऊक नाही. तिच्याबरोबर शिकलेल्यांत फिरू शकेल असं कुणी उरलेलं नाही. आणि मी तिकडचं कुणाला सांगू? आपल्या बोर्डिंगच्या जागी आता दुमजली शाळा आहे, कॉम्प्युटर आहेत, दादा म्हणतो जांभूळ पण तोडलं. मी तिथे येऊन उभी राहिले तरी माझ्या मागून कोण येईल, आणि आलेल्याला मी काय दाखवणार?

गेल्या रविवारी आल्फ्रेडदादाचा फोन आला. म्हणाला, सिस्टरमावशीचं आता काही खरं नाही, मला ओळखलं नाही, तुझं नाव घेतल्यावर नुसती हसली. आणि म्हणाला, एक सारखं चाललंय तिचं, रोज सकाळपासून येईल त्या सिस्टरला विचारते, लिलीचा ताप उतरला का? कॉन्व्हेंटमध्ये लिली नावाचं कुणीच नाही. एक सिस्टर तुला सांगते, उतरला, की तू शांत होतेस, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतेस. दुसरी खरं बोलणारी आहे, ती म्हणते इथे लिली नाही, आणि तू रडतेस. दादानं मला विचारलं, तू तिच्याकडे राहिली होतीस ना, तुला कुणी लिली आठवते का, आम्ही तिला काय उत्तर देऊ? मी म्हटलं, लिहून कळवते. त्याला आठवडा झाला. उतरला म्हणा असं सांगवत नाही, आणि ती गेली हे तुला दर सकाळी नव्यानं ऐकायला लावणं त्याहून सांगवत नाही. मी तुझ्यापाशी यावं तर तू मला ओळखणारही नाहीस. तेव्हा सिस्टर, तुम्ही ज्या हे वाचताय, मावशीनं विचारलं की एवढंच सांगा, की शेरिल म्हणते तीही तिथेच होती, तिनंही पाहिलं, तू लिलीजवळून हलली नाहीस हेही पाहिलं. मग जरा वेळ मावशीजवळ बसा. ती अशा वेळी एखादं नाव घेईल, घाटाखालच्या कुठल्यातरी पोरीचं, तुम्हाला विचित्र वाटेल, बोबडं वाटेल. ते कानाला जसं पडेल तसंच लिहून मला पाठवा. शुद्ध करू नका.

तुझीच,
शेरिल